ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा सर्च सारखा बंद पडत होता, त्याची गोष्ट

गोव्यात फोंड्याला वरच्या बाजारात आमचं वकिलांचं ऑफिस आहे आणि कामं बहुतेक सगळी जमिनीची. मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या केसी, इन्व्हेंटरी म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली कामं, भावाभावांच्या वाटण्या, कोमुनिदादीच्या म्हणजे गावाच्या सामाईक जागांचे वाद. मी तिथे कागदपत्रं सांभाळते, म्हणजे स्कॅन करणं, फोल्डर लावणं आणि सरांनी हाक मारली की पाहिजे तो कागद काढून देणं. हे शेवटचं काम पूर्णपणे विंडोजच्या सर्चवर चालतं. इथली जमीन एका नंबराने सापडत नाही हे ह्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. आजच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, सर्व्हे नंबर असतो, पण पोर्तुगीज काळातल्या दस्तात तो नसतोच, तिथे जागेचं नाव असतं आणि चारी बाजूंच्या हद्दी असतात, आणि एकाच जागेचं नाव एका दस्तात एक्स घालून लिहिलेलं असतं तर दुसऱ्यात एस-एच घालून. त्यामुळे फाइलच्या नावावरून शोधून काही उपयोग नाही, फाइलच्या आतला मजकूर शोधता आला पाहिजे. टाइप केलेल्या दस्तांचं आम्ही ओसीआर करून ठेवलंय, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं शोधता येतील अशी करून घेतलीयत, आणि हाताने लिहिलेल्या दस्तांचं ओसीआर धड होत नाही म्हणून त्यांचा गोषवारा आमच्या काकांनी वर्डमध्ये मराठीत टाइप करून ठेवलाय. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क. अनेक वर्षांची मेहनत आहे ती, आणि सर्च नसेल तर ती सगळी मेहनत नुसती डिस्कवर पडून राहणार.

तर पावसाळ्यात हा सर्च बंद पडायला लागला. आधी कधीतरी, मग रोज, मग कॉम्प्युटर चालू केला की थोड्या वेळात. फोल्डर उघडून वरच्या कोपऱ्यात शब्द टाकला की ती हिरवी पट्टी सरकत राहायची, सरकत राहायची आणि शेवटी काहीच नाही, किंवा फक्त फाइलच्या नावात तो शब्द असेल तेवढंच. आणि नेमकी एका मुंडकार केसची मामलेदारांसमोरची तारीख जवळ आली होती. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही, पण तो मुंडकार आहे, त्याचं घर तिथे आधीपासून होतं, हे दाखवावं लागतं ना. आमच्या अशिलाच्या आजोबांचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुठल्यातरी जुन्या इन्व्हेंटरीत हद्द म्हणून लिहिलेलं आहे एवढं काकांना आठवत होतं, कुठल्या फाइलीत ते आठवत नव्हतं.

"बाय, तो कागद आपल्याकडे आसा गो, मी स्वतः वाचलाय," असं ते रोज सांगायचे.

आता आधी एक गोष्ट सांगते कारण ह्यात सगळ्यांचाच घोळ होतो. खाली स्टार्टजवळ जो सर्चचा बॉक्स असतो तो वेगळा आणि मागे बसून फाइली वाचणारी आणि त्यातल्या शब्दांची सूची, म्हणजे इंडेक्स, बनवणारी सर्व्हिस वेगळी. बॉक्स हा नुसता दर्शनी भाग. तो कधी काळा पडतो, कोरा उघडतो, टाइपच होत नाही, पण तेव्हा इंडेक्स ठीकठाक असू शकतो. ५ फेब्रुवारी २०२० ला जगभर लोकांचा विंडोज १० चा सर्च बॉक्स कोरा उघडत होता, आणि ती गडबड लोकांच्या कॉम्प्युटरात नव्हतीच, तो बॉक्स बिंगला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या सर्चला, जोडलेला असल्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडची होती. त्यामुळे आधी बघायचं की बिघडलंय काय. आमच्याकडे बॉक्स उघडत होता, कॅल्क्युलेटर टाइप केलं तर कॅल्क्युलेटर येत होता, पण कंट्रोल पॅनलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडलं तर तिथे वरच लिहिलेलं, इंडेक्सिंग इज नॉट रनिंग. म्हणजे आमचा रोग मागच्या सर्व्हिसचा.

विंडोज आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाकलं की सगळ्या सर्व्हिसची यादी येते, त्यात विंडोज सर्च नावाची एक असते. ती बंद होती. स्टार्ट केली, चालू झाली, परत यादी रिफ्रेश केली तर बंद.

ह्या टप्प्यावर सल्ले देणारे खूप भेटतात आणि बहुतेक सगळे एकच सांगतात, फॉरमॅट मार. बाजारातल्या एका रिपेअरवाल्यानेही तेच सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की ती सर्व्हिसच डिसेबल करून टाक आणि एव्हरीथिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर घाल. एव्हरीथिंग चांगलंच आहे, मी घरी वापरते, ते डिस्कवरच्या फाइलींची यादी थेट एनटीएफएसच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या, टेबलातून वाचतं म्हणून अक्षर टाइप करता करता उत्तर येतं, पण ते मुळात नावं शोधण्यासाठी आहे, आतला मजकूर शोधायला लावलं तर प्रत्येक फाइल तेव्हाच्या तेव्हा उघडून वाचत बसतं. आमचं काम त्याने होणार नव्हतं.

वास्कोला माझा मावसभाऊ असतो, तो कंपन्यांची नेटवर्क सांभाळतो. त्याला फोन लावला.

"दादा, सर्व्हिस चालू केली की लगेच बंद पडते, फॉरमॅट करायला सांगतायत."

"काही फॉरमॅट बिरमॅट करू नको. बंद पडताना ती काहीतरी लिहून पडते, ते आधी वाच. इव्हेंट व्ह्यूअर उघड आणि मला जसंच्या तसं वाचून दाखव."

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, त्यात विंडोज लॉग्जच्या खाली सिस्टिम आणि अ‍ॅप्लिकेशन असे दोन लॉग असतात आणि दोन्ही बघायला लागतात. सिस्टिममध्ये लाल खुणेचे ७०३१ नंबरचे इव्हेंट ओळीने लागलेले, मजकूर असा की विंडोज सर्च सर्व्हिस अनपेक्षितपणे बंद पडली, आता ३०००० मिलिसेकंदांनी ती परत चालू केली जाईल. म्हणजे अर्ध्या मिनिटाने. म्हणूनच आम्हाला कधी चालू दिसायची कधी बंद, आपोआप उठत होती आणि परत पडत होती. पण हा लॉग फक्त पडली एवढंच सांगतो. का पडली ते अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये, त्याच वेळेच्या आसपास. तिथे सोर्सच्या रकान्यात ईएसईएनटी आणि नंबर ४७४. मी दादाला वाचून दाखवायला लागले, विंडोज डॉट ईडीबी ह्या फाइलमधून वाचलेल्या पानाचा चेकसम जुळत नाही, एरर वजा १०१८.

"बस, कळलं," तो म्हणाला.

हे मला त्याने जे समजावलं ते फार आवडलं म्हणून सविस्तर लिहिते. विंडोज १० मध्ये सगळा इंडेक्स विंडोज डॉट ईडीबी ह्या एका फाइलमध्ये असतो. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रामडेटा, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग सर्च, डेटा, अ‍ॅप्लिकेशन्स, विंडोज, असं आत आत जायचं, प्रोग्रामडेटा लपवलेलं असतं म्हणून आधी हिडन आयटम्सवर टिक करायची. ही फाइल म्हणजे एक डेटाबेस, ईएसई नावाच्या इंजिनचा, तेच इंजिन मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरमध्ये पण आहे. डेटाबेसचं प्रत्येक पान लिहिताना त्याची एक बेरीज सोबत लिहून ठेवतात, वाचताना परत बेरीज करतात, जुळली नाही तर जे लिहिलं होतं ते आता डिस्कवर तसं नाही असा अर्थ. वजा १०१८ म्हणजे हे. मग इंजिन ते पान वापरायला नकार देतं आणि आमचा सर्चइंडेक्सर त्याच पानावर येऊन पुन्हा पुन्हा पडत होता.

असं का होतं, तर एक कारण डिस्क खराब होत असणं, आणि दुसरं, लिहिता लिहिता लाईट जाणं. लाईट गेली म्हणून डेटाबेस लगेच बिघडत नाही, त्यासाठी त्याचे वेगळे लॉग असतात आणि त्यावरून तो स्वतः सावरतो, पण डिस्कने लिहिलं असं सांगून प्रत्यक्षात ते स्वतःच्या कॅशमध्येच ठेवलेलं असेल आणि तेवढ्यात वीज गेली तर गडबड होते. आमच्याकडे पावसात लाईट येते-जाते, आणि ह्या कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी इतकी मेलेली की लाईट गेल्या क्षणी कॉम्प्युटर पण जायचा.

म्हणून इंडेक्सला हात लावायच्या आधी डिस्क तपासली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे हो, डिस्क मरायला टेकली असेल तर नवा इंडेक्स बांधून काय फायदा, उलट आधी सगळे दस्त दुसरीकडे कॉपी करून घ्यायला पाहिजेत. ते आम्ही केलंच, पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतला. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघितली, तिथे पेंडिंग सेक्टर आणि रिअलोकेटेड सेक्टर ह्या दोन ओळी बघायच्या, दोन्ही शून्य होत्या. रात्री चेकडिस्क लावून ठेवलं, तेही साफ. मग विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासणाऱ्या दोन कमांड, डीआयएसएम आणि त्याच्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ, त्यात काही सापडलं नाही. ह्या दोन कमांड चालताना आकडा एकाच जागी बराच वेळ थांबतो, अडकलं असं वाटतं, पण खिडकी बंद करायची नाही, थांबायचं.

मग इंडेक्स पुसला. हे ऐकून काका घाबरले, म्हणाले माझे गोषवारे जातील. त्यांना शांतपणे सांगावं लागलं की इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागे शब्दांची सूची असते तेवढंच, सूचीची पानं फाडली तरी पुस्तकाला काही होत नाही, सूची परत करता येते. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवायला हवं कारण ह्या भीतीने लोक महिनोन्महिने बिघडलेला इंडेक्स तसाच ठेवतात. एरवी इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डला जाऊन रीबिल्ड दाबलं की झालं. पण आमची सर्व्हिस रीबिल्ड चालू व्हायच्या आतच पडत होती, म्हणून सर्व्हिसेसमध्ये विंडोज सर्चचा स्टार्टअप टाइप डिसेबल्ड केला, सर्व्हिस थांबवली, त्या फोल्डरातली विंडोज डॉट ईडीबी काढून टाकली, मग टाइप परत ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करून सर्व्हिस चालू केली. डिसेबल केलं नाही तर ती मध्येच आपोआप उठते आणि फाइल वापरात आहे म्हणून पुसता येत नाही.

सर्व्हिस चालू झाली आणि चालूच राहिली. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये आकडा वाढायला लागला. आम्ही सगळे खूश.

पण आकडा एका ठिकाणी जाऊन थांबला. आपण काम करत असलो की इंडेक्सिंगचा वेग विंडोज स्वतःच कमी करतो, तसं तिथे लिहून पण येतं, म्हणून पहिल्यांदा वाटलं तेच असेल, तर रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून सकाळी बघितलं तर आकडा तिथेच. सर्व्हिस रनिंग, ७०३१ नवीन एकही नाही, आणि तरी काम पुढे जात नाही. इथे बरेच लोक म्हणतील की रीबिल्ड फुकट गेला. मला उलट वाटतं की इथेच लॉग वाचायची सवय कामाला आली, कारण अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये आता ४७४ नव्हताच, आता वेगळा नंबर होता, १०००, आणि पडणाऱ्या प्रोग्रामचं नाव पण वेगळं, सर्चफिल्टरहोस्ट. म्हणजे पहिला रोग बरा झाला होता आणि हा दुसराच, त्याच्या मागे लपलेला.

विंडोज सर्च हा एक प्रोग्राम नाही, तीन आहेत. सर्चइंडेक्सर हा मुख्य, डेटाबेस त्याच्या हातात. सर्चप्रोटोकॉलहोस्ट फाइल उघडून आणतो. आणि सर्चफिल्टरहोस्ट त्या फाइलमधला मजकूर वेगळा काढतो, त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या फाइलला एक फिल्टर असतो, वर्डचा वेगळा, पीडीएफचा वेगळा, त्याला आयफिल्टर म्हणतात. बाहेरच्या कंपनीचा फिल्टर खराब असला तर सगळंच पडू नये म्हणून हे काम मुद्दाम वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवलंय. आमची सर्व्हिस चालू राहिली ती म्हणूनच, पण फिल्टरहोस्ट मात्र उठत होता आणि पडत होता.

१००० नंबरच्या इव्हेंटमध्ये फॉल्टिंग मॉड्यूल नेम अशी ओळ असते. सर्च पडत असेल तर सगळ्यात आधी ही एक ओळ वाचा असं मी कुणालाही सांगेन. तिथे विंडोजची स्वतःची फाइल असेल तर एक दिशा, बाहेरच्या कुणाची असेल तर दुसरी. आमच्या इथे एका पीडीएफ सॉफ्टवेअरच्या फिल्टरची डीएलएल होती, त्या सॉफ्टवेअरची ट्रायल ऑफिसात कधीतरी घातली होती, मुदत संपल्यावर कुणी वापरलं नाही पण त्याचा फिल्टर पीडीएफच्या जागेवर ठाण मांडून बसलेला.

खात्री करायला प्रोसेस मॉनिटर वापरला, सिसइंटर्नल्सचा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतो. त्यात फक्त सर्चप्रोटोकॉलहोस्ट दिसेल असा गाळणा लावायचा आणि क्रॅशच्या वेळेच्या आधी शेवटची कुठली फाइल वाचली ते बघायचं. प्रत्येक वेळी मोठ्या स्कॅनच्या पीडीएफच होत्या, शेकडो पानांचे जुने दस्त एकत्र स्कॅन केलेल्या. वर्डच्या एकाही फाइलवर पडलेला दिसला नाही.

ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, आणि आता सगळं होईल असं वाटलं तर इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये फाइल टाइप्सच्या यादीत पीडीएफसमोर लिहून आलं, रजिस्टर्ड आयफिल्टर इज नॉट फाउंड. सॉफ्टवेअर गेलं पण जाताना जागा मोकळी करून गेलं नाही, आणि विंडोजचा स्वतःचा फिल्टर, जो विंडोज ८ पासून सोबतच येतो, तो परत जागेवर आला नाही. ह्या अवस्थेत क्रॅश होत नाही, एरर येत नाही, सगळं हिरवंगार दिसतं, फक्त पीडीएफमधला एक शब्दही सापडत नाही. क्रॅशपेक्षा हे वाईट असं माझं मत, कारण क्रॅश निदान दिसतो तरी. सरांनी एखादं नाव शोधलं, आलं नाही, म्हणजे आपल्याकडे असा दस्तच नाही असं समजून कोर्टात उभे राहिले तर?

दादाने रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग जिथे ठेवतं तिथली, जागा सांगितली, क्लासेस रूटमध्ये डॉट पीडीएफ आणि त्याच्या आत पर्सिस्टंटहँडलर. ऑफिसात पलीकडच्या टेबलावर तोच विंडोज असलेला दुसरा कॉम्प्युटर होता जिथे पीडीएफ नीट सापडत होत्या, तिथली व्हॅल्यू बघून अक्षर न अक्षर इथे घातली. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवली, रजिस्ट्रीत बॅकअप न घेता बोट लावायचं नाही म्हणजे नाही. रीस्टार्ट केल्यावर पीडीएफसमोर फिल्टरचं नाव आलं. त्याच खिडकीत खाली इंडेक्स प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स हा पर्याय निवडलेला आहे ना ते पण बघून घेतलं, नुसतं प्रॉपर्टीज असेल तर आतला मजकूर घेतच नाही.

परत रीबिल्ड. ह्या वेळी इंडेक्समध्ये काय काय घेतोय तेही कमी केलं, फक्त दस्तांचा फोल्डर आणि मेल. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्याप्रमाणे ४००००० च्या वर आयटम गेले की इंडेक्स जड होतो आणि १०००००० च्या पुढे तर बिघडू शकतो, आमचे तेवढे नाहीत, पण सगळा सी ड्राइव्ह कशाला वाचायचा. स्लीप बंद केलं, यूपीएसला नवी बॅटरी बसवून घेतली, आणि शनिवारी ऑफिस बंद करताना कॉम्प्युटर चालू ठेवून गेलो.

सोमवारी इंडेक्सिंग कम्प्लीट. काकांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं तुम्हीच शोधा. त्यांनी आधी भाटाचं, म्हणजे त्या जमिनीचं, नाव आजच्या स्पेलिंगने टाकलं, काही कामाचं आलं नाही, मग एक्स घालून टाकलं. आली. टाइप केलेली पोर्तुगीज इन्व्हेंटरी, त्यात त्या भाटाच्या हद्दी, आणि पश्चिमेच्या हद्दीला आमच्या अशिलाच्या आजोबांचं घर, नावासकट. काकांनी चष्मा वर करून ती ओळ परत वाचली आणि सरांना हाक मारली. भाषांतर करून ती तारखेला दाखल केली.

त्यानंतर सर्च पडलेला नाही. पलीकडच्या दोन्ही कॉम्प्युटरवर पण फाइल टाइप्सची यादी तपासली, एकावर तेच ट्रायल सॉफ्टवेअर होतं, काढलं आणि पर्सिस्टंटहँडलर दुरुस्त केला. आता अधूनमधून पर्फमॉन आणि पुढे स्लॅश रेल असं टाकून रिलायबिलिटी मॉनिटर उघडते, त्यात दिवसवार काय पडलं ते लाल फुलीने दिसतं, इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा वाचायला सोपं. आणि एक चाचणी ठरवून ठेवलीय, आतल्या पानावरचा मला माहीत असलेला एक शब्द एका पीडीएफमधून आणि एक वर्डमधून शोधायचा, दोन्ही आले पाहिजेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला त्यामुळे सर आता नवे कॉम्प्युटर घ्यायच्या विचारात आहेत. विंडोज ११ वर इंडेक्स त्याच फोल्डरात असतो, पण तिथे ईडीबी नसते, विंडोज डॉट डीबी आणि विंडोज-गॅदर डॉट डीबी अशा फाइली दिसतात, तेव्हा पुसायची वेळ आली तर ईडीबी शोधत बसू नका.